सॉफ्टवेअर टाकताना रिस्टार्ट आपल्या हातात कसा ठेवायचा

सॉफ्टवेअर टाकणं आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. नवीन माणूस ती एकच समजतो. इन्स्टॉलर शेवटी विचारतो तेव्हा 'आत्ता' किंवा 'नंतर' यांपैकी हाताला येईल ते बटण दाबतो, आणि बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतात. 'आत्ता' दाबलं तर काट्यावर उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रॅक्टरची पावती अर्धवट राहते. 'नंतर' दाबलं तर ते 'नंतर' महिनाभर उजाडत नाही आणि तोवर मशीनमधलं सॉफ्टवेअर धड जुनं नसतं, धड नवं नसतं. म्हणून दोन गोष्टी पक्क्या धरा. इन्स्टॉलरला स्वतःहून रिस्टार्ट करू द्यायचा नाही, आणि लागलेला रिस्टार्ट तसाच पडूही द्यायचा नाही.

जिनिंग, बाजार समिती, सेवा सहकारी सोसायटी, पतसंस्था, शाळा, ग्रामीण रुग्णालय अशा ठिकाणचे पाच-दहापासून तीसेक कॉम्प्युटर नुकतेच सांभाळायला लागलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. मशीन विंडोज १० किंवा ११ ची आहेत असं धरलं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण तालुक्याच्या ऑफिसांत ती अजून भरपूर आहे. कमांड इथे बोलतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या. 'स्लॅश' म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, तिच्या आधी एक जागा सोडायची. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, नेहमी 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडा.

रिस्टार्ट मुळात का लागतो

जुंपलेली बंडी चालत असताना तिचं चाक काढता येत नाही. विंडोजमध्येही जी फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने किंवा ड्रायव्हरने धरून ठेवली आहे, ती बदलता येत नाही. इन्स्टॉलर मग नवी फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, चिठ्ठी लिहितो की पुढच्या वेळी सुरू होताना जुनी काढ, नवी लाव. ही अदलाबदल लॉगिनची स्क्रीन येण्याच्याही आधी होते. ती होईपर्यंत काही फाइली नव्या, काही जुन्या असतात. 'काल तर चालत होतं, आज अंगठा घेत नाही' अशी तक्रार बऱ्याचदा याच अवस्थेतून येते.

सुरक्षेच्या अपडेटचंही हेच आहे. अपडेट उतरलं, बसलं, पण रिस्टार्ट झाला नाही, तर विंडोजच्या गाभ्यातलं भोक उघडंच राहतं. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ ला त्याच भोकातून वॉनाक्राय हा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला. दुरुस्ती हाताशी येऊन दोन महिने झाले होते.

आधी बघा, जुना रिस्टार्ट बाकी आहे का

काहीही नवीन टाकण्याआधी ही तपासणी करा, कारण आधीचा रिस्टार्ट बाकी असलेल्या मशीनवर काही इन्स्टॉलर सरळ नकार देतात. एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप तर त्याच पायरीवर थांबतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. खाली 'अप टाइम' दिसतो. तिथे १९ दिवस दिसत असतील आणि ऑपरेटर ताई सांगत असतील की 'मी तर रोज संध्याकाळी बंद करते', तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. साध्या 'शट डाउन'मध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तिथूनच पुढे उचलला जातो. त्यामुळे रोज बंद होणाऱ्या मशीनवरही रजिस्ट्रीतली ती चिठ्ठी वाचली जात नाही. 'रिस्टार्ट' मात्र खरा असतो. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, पण शट डाउनपेक्षा रिस्टार्टच जास्त पूर्ण आहे.

ही अडचण कायमची मिटवायची तर काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ' असं द्या. हायबरनेशन आणि त्याबरोबर फास्ट स्टार्टअप बंद होतं. डेस्कटॉपवर हे बिनधास्त करा, सकाळी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल एवढंच. लॅपटॉपवर आधी विचारा, कोणी हायबरनेट वापरत असेल. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा.

पक्की खात्री रजिस्ट्री एडिटरमध्ये होते. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन एवढं आत गेल्यावर दोन जागा बघा. 'कॉम्पोनंट बेस्ड सर्व्हिसिंग'मध्ये 'रिबूट पेंडिंग' नावाचं फोल्डर, आणि 'विंडोज अपडेट'च्या 'ऑटो अपडेट'मध्ये 'रिबूट रिक्वायर्ड'. दोन्हींपैकी एक जरी दिसलं तरी आधी रिस्टार्ट, मग बाकीचं. 'पेंडिंग फाइल रिनेम ऑपरेशन्स' नावाची तिसरी नोंद सिस्टीमखाली सेशन मॅनेजरमध्ये असते. पण प्रिंटरचे ड्रायव्हर आणि ब्राउझरही तिथे लिहून ठेवतात, म्हणून ती एकटी दिसली तर घाबरू नका. तिथे काहीही खोडू नका. चिठ्ठी खोडली म्हणजे काम झालं असं होत नाही, ते अर्धवटच राहतं.

इन्स्टॉलरला रिस्टार्टपासून अडवणं

नवीन माणसाने खरा वेळ इथे घालवावा.

एमएसआय प्रकारची फाइल असेल तर कमांड अशी बनते: 'एमएसआयएक्झेक', मग 'स्लॅश आय' आणि फाइलचा पूर्ण पत्ता, मग 'स्लॅश क्यूएन', मग 'स्लॅश नोरिस्टार्ट'. 'क्यूएन' म्हणजे पडद्यावर काही न दाखवता चालव. शेवटचा शब्द विसरलात तर काय होतं ते नीट समजून घ्या. पडद्यावर काही दाखवायचं नाही असं सांगितलं असल्यामुळे इन्स्टॉलर रिस्टार्टबद्दल विचारूही शकत नाही. गरज वाटली की तो मशीन थेट रिस्टार्ट करतो, समोर ऑपरेटर टाइप करत असला तरी. 'स्लॅश क्यूएन' लिहिला की 'स्लॅश नोरिस्टार्ट' लिहायचाच, ही बोटांना सवय लावा.

ईएक्सई फाइली एकसारख्या नसतात; इनो सेटअप, एनएसआयएस, इन्स्टॉलशील्ड अशा वेगवेगळ्या साधनांनी त्या बनवलेल्या असतात. इनो सेटअपने बनवलेल्यांना 'स्लॅश व्हेरीसायलेंट', 'स्लॅश सप्रेसमेसेजबॉक्सेस' आणि 'स्लॅश नोरिस्टार्ट' लागतात; यातला मधला शब्द इंग्रजीत 'सप्रेस', 'एमएसजी' आणि 'बॉक्सेस' जोडून लिहितात. एनएसआयएसच्या फाइलींना 'स्लॅश एस' चालतो, पण तो एस मोठ्या लिपीतला हवा आणि त्यांच्यात रिस्टार्ट रोखायचा असा सर्वांना लागू होणारा शब्द नाही. अशी फाइल कामाच्या वेळेत चालवूच नका. इन्स्टॉलशील्डमध्ये एमएसआय पोटात असेल तर 'स्लॅश एस', त्यानंतर 'स्लॅश व्ही' आणि त्याला जोडूनच अवतरणचिन्हांत 'स्लॅश क्यूएन रिबूट बरोबर रिअली सप्रेस' देतात. तिथे 'बरोबर' म्हणजे '=' हे चिन्ह, 'रिबूट' हा शब्द मोठ्या अक्षरांत हवा, आणि 'रिअली सप्रेस' जोडून. काहीच माहीत नसेल तर फाइलीच्या नावापुढे 'स्लॅश प्रश्नचिन्ह' देऊन बघा, पुष्कळ इन्स्टॉलर आपली यादी दाखवतात.

इन्स्टॉलर ठेवायला सी ड्राइव्हवर एकच छोटं फोल्डर करा आणि त्याच्या नावात मोकळी जागा ठेवू नका. पत्त्यात मोकळी जागा असली की अवतरणचिन्हं लावावी लागतात, आणि ती विसरली की कमांड भलतीकडे तुटते. प्रत्येक एमएसआयच्या कमांडला शेवटी 'स्लॅश एल, तारा, व्ही' (तारा म्हणजे '*', सगळं जोडून) आणि लॉग फाइलचा पत्ता जोडा. काम बिघडलं की हीच फाइल खरं सांगते. तिच्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा, चूक बहुधा त्या ओळीच्या थोडी वर सापडते.

संपल्यावर मिळणारा आकडा

प्रत्येक इन्स्टॉलर संपताना एक आकडा मागे ठेवतो. तो न बघता पुढचं सॉफ्टवेअर टाकू नका. बॅच फाइलमध्ये, म्हणजे कमांड एकाखाली एक लिहिलेल्या फाइलीत, इन्स्टॉलच्या लगेच पुढच्या ओळीत 'एको' आणि दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये 'एररलेव्हल' लिहून तो लॉगमध्ये पाठवा. मध्ये दुसरी कमांड आली तर आकडा तिचा होतो. काळ्या खिडकीत हाताने टाइप करत असाल तर सुरुवातीला 'स्टार्ट स्लॅश वेट' लावा. ते नसेल तर खिडकी इन्स्टॉलर संपण्याची वाट बघत नाही आणि तुम्हाला मिळणारं शून्य निरर्थक असतं.

शून्य म्हणजे झालं, रिस्टार्ट नको. ३०१० म्हणजे झालं, पण रिस्टार्ट बाकी आहे. नवीन माणूस ३०१० ला चूक समजून तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो; तसं करू नका, ते यशच आहे. १६४१ म्हणजे झालं आणि इन्स्टॉलरने रिस्टार्ट सुरूही केला. हा आकडा दिसला तर तुमच्या कमांडमध्ये 'नोरिस्टार्ट' राहून गेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. १६१८ म्हणजे दुसरं काही तरी आधीच इन्स्टॉल होत आहे. बहुधा विंडोज अपडेट असतं, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चालवा. १६०३ ही खरी चूक, लॉग उघडा. व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रनटाइम टाकताना १६३८ आला तर त्यापेक्षा नवी आवृत्ती आधीच आहे, पुढे जा.

तीन-चार गोष्टी टाकायच्या असतील तर प्रत्येकीनंतर रिस्टार्ट करायची गरज नाही. सगळ्या 'नोरिस्टार्ट'ने टाका, आकडे लिहून घ्या, एखादा जरी ३०१० आला तर शेवटी एकच रिस्टार्ट करा. अपवाद एकच आहे: पुढचं सॉफ्टवेअर मागच्यावर उभं असेल तर मध्ये रिस्टार्ट लागतो. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर ३०१० देऊन गेला आणि त्याचीच सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारी 'सर्व्हिस', पुढे टाकायची आहे, किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि मग सही करणारं सॉफ्टवेअर, अशा जोड्यांत मध्ये थांबा.

वेळ कोणती धरायची

मायक्रोसॉफ्टची महिन्याची अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते, म्हणून मशीन सकाळी उघडली की बुधवारपासून ती उतरू लागतात. तुमच्या गावचा आठवडी बाजार बुधवारी किंवा गुरुवारी असेल तर सोसायटीत आणि पतसंस्थेत नेमकी त्याच दिवशी गर्दी असते. महिन्याचं कॅलेंडर समोर घ्या, दुसरा मंगळवार, बाजाराचा दिवस, पगाराचा दिवस, खरिपाच्या पीककर्जाची आणि पीकविम्याची शेवटची तारीख, ३१ मार्च, एवढं लाल पेनाने खुणवा. उरलेल्या दिवसांतून दिवस निवडा.

जिनिंगच्या काट्यावर हंगामात रात्री उशिरापर्यंत गाड्या येतात. तिथे विंडोजचे 'अॅक्टिव्ह अवर्स' सकाळी ६ ते रात्री १२ ठेवा. १८ तासांपेक्षा जास्त ते ठेवता येत नाहीत. आवक जोरात असलेल्या आठवड्यांत अपडेट थांबवूनही ठेवता येतात, जास्तीत जास्त ३५ दिवस. मग ती घ्यावीच लागतात, तेव्हा तो दिवस आधीच ठरवून ठेवा. आणि एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही: अॅक्टिव्ह अवर्स फक्त विंडोजच्या स्वतःच्या रिस्टार्टला अडवतात. तुम्ही टाकलेल्या इन्स्टॉलरला ते अडवत नाहीत.

सोसायट्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना २०२२ मध्ये मंजूर झाली, तेव्हा ६३ हजार संस्थांसाठी २,५१६ कोटी रुपये ठेवले होते. कॉम्प्युटर पोहोचला तरी तीन-चार गावं सांभाळणारा गटसचिव एका गावी आठवड्यातून एक-दोनदाच बसतो. मशीन चार दिवस बंद असते. उघडली की साचलेली अपडेट एकदम उतरतात, इंटरनेट गुदमरतं आणि दुपारी, सभासद समोर असताना, रिस्टार्टची सूचना येते. अशा मशीनसाठी महिन्यातून एक दिवस फक्त याच कामाला ठरवा. सभासद यायच्या तास-दीड तास आधी मशीन सुरू करा, अपडेट उतरू द्या, रिस्टार्ट करा, मग कामाला बसा.

दोन-तीन मशीन एका राउटरवर असतील तर विंडोज अपडेटच्या 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये स्थानिक नेटवर्कवरच्या मशीनकडून घ्यायची परवानगी द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या ऑफिसात याने बराच डेटा वाचतो.

मोठं काम असेल तर तान्ह्या पोळ्यासारख्या, ऑफिस रिकामं असणाऱ्या दिवशी करावंसं वाटतं. करा, पण रोज ते सॉफ्टवेअर वापरणारा एक तरी ऑपरेटर बोलावून घ्या. सॉफ्टवेअर उघडतं एवढं तुम्हाला दिसेल, पण पावती बरोबर छापते की नाही हे त्यालाच कळतं.

लाइन आणि यूपीएस

रिस्टार्टच्या मधोमध लाइन गेली की फाइली अर्धवट बदललेल्या राहतात. पुढच्या वेळी विंडोज 'बदल मागे घेत आहोत' असं म्हणत पाऊण तास खातं, किंवा सुरूच होत नाही. म्हणून वेळ ठरवताना लाइनमनला फोन करा. गावठाणचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा आहे का, देखभालीसाठी कोणत्या दिवशी लाइन बंद राहणार आहे, डीपीवर काही काम चालू आहे का, एवढं विचारा. जून ते सप्टेंबरमध्ये आभाळ भरून आलं असेल तर काम पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही.

यूपीएस आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, तो मोजा. सर्वसाधारण ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. नवी असताना एक डेस्कटॉप आणि मॉनिटर दहा ते वीस मिनिटं चालतो. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं, आणि त्यावर दर दहा अंशांना ते निम्मं होतं असा ठोकताळा आहे. चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, टिनाच्या छताखालच्या खोलीत बॅटरी काय सोसते ते ओळखा. सगळी कामं सेव्ह करून, प्रोग्रॅम बंद करून, यूपीएसची पिन भिंतीतून काढा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत कुईकुई सुरू झाली तर त्या मशीनवर मोठं अपडेट आज नाही. एसएसडीवर महिन्याच्या अपडेटचा रिस्टार्ट साधारण पाच-दहा मिनिटांत होतो, जुन्या हार्डडिस्कवर वीस ते पंचेचाळीस मिनिटंही लागतात. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटला कधीही लावू नका, गरम होताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो. इन्व्हर्टरवर चालत असाल तर त्याच्यावरचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये लाइन बदलायला लागणाऱ्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडू शकतो.

मशीन जुनी असेल तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी आधी बदला. ती संपलेली असली की लाइन गेल्यावर तारीख मागे जाते, काही मशीन सुरू होताना 'एफ१ दाबा' म्हणून थांबून राहतात, आणि तारीख चुकीची असल्यामुळे सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. दुरून रिस्टार्ट दिलेली मशीन अशी अडकली तर बावीस किलोमीटर जाऊन एक बटण दाबावं लागतं. पेन ड्राइव्हही काढून ठेवा. बूटच्या क्रमात यूएसबी पहिलं असेल तर मशीन त्याच्यावर विंडोज शोधत बसते.

आधी एक, मग दोन, मग बाकीची

कमी महत्त्वाचं, पण बाकीच्यांसारखंच असलेलं एक मशीन निवडा. त्यावर सगळं टाका, रिस्टार्ट करा, एक दिवस चालू द्या, मग पुन्हा एकदा रिस्टार्ट करा. दुसरा रिस्टार्ट मुद्दाम, कारण काही सेवा पहिल्यांदा इन्स्टॉलरच्या जोरावर सुरू होतात आणि दुसऱ्यांदा स्वतःहून होत नाहीत. मग दोन-तीन मशीन, मग उरलेली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी निळ्या स्क्रीनवर आणल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ मशीनसमोर माणसाला बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, एकेक करून दुरुस्ती करावी लागली. तुमच्या दहा मशीन दहा गावांत असतील तर याचा अर्थ तुम्हाला कळेल.

त्या दिवशी ज्यांच्याकडे बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाच्या, किल्ल्या लिहिलेल्या नव्हत्या त्यांची आणखी अडचण झाली. काही नव्या लॅपटॉपवर डिस्कचं कुलूप पहिल्या सेटअपमध्येच लागून येतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून कपाटात ठेवा. बायोस किंवा फर्मवेअरचं, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट असेल तर कंट्रोल पॅनेलच्या बिटलॉकरमध्ये जाऊन 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा, नाहीतर रिस्टार्टनंतर मशीन तीच की मागत बसेल.

लोकांना सांगणं

सूचना कालच्या संध्याकाळी एकदा आणि आज तासभर आधी एकदा, ग्रुपवर आणि भिंतीवरच्या कागदावरही. ग्रुप सगळे बघत नाहीत. मजकूर इतका साधा ठेवा: 'उद्या, गुरुवारी दुपारी १.४५ ला काट्याचा आणि अकाउंटचा कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल. २.३० पर्यंत वापरता येणार नाही. १.४० पर्यंत चालू नोंद सेव्ह करून सॉफ्टवेअर बंद करा. त्या वेळेत काटा पावती हाताच्या पुस्तकावर लिहा. गाडी उभी असेल तर मला फोन करा, मी थांबवतो.' शेवटचं वाक्य गाळू नका, आणि फोन आला तर खरंच थांबवा. एकदा शब्द मोडला की पुढच्या वेळी लोक तुमच्यापासून लपवून 'नंतर' दाबतात.

प्रत्यक्ष रिस्टार्ट

कमांड अशी: 'शटडाउन स्लॅश आर स्लॅश टी ९००', मग 'स्लॅश सी' आणि अवतरणचिन्हांत संदेश. ९०० सेकंद म्हणजे पंधरा मिनिटं. संदेश ५१२ अक्षरांपर्यंत चालतो. बॅच फाइलमध्ये मराठी संदेश लिहिलात तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि वर 'सीएचसीपी ६५००१' ही ओळ द्या, नाहीतर पडद्यावर भलतीच अक्षरं येतात. एका मशीनवर आधी करून बघा. थांबवायचं असेल तर 'शटडाउन स्लॅश ए'. हे ऑपरेटरलाही शिकवा, डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट करून द्या.

यातला धोका असा की 'टी'पुढे शून्यापेक्षा मोठा आकडा दिला की उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करण्याचा हुकूम त्यात आपोआप येतो. वेळ संपली की सेव्ह न केलेली नोंद जाते, कोणी विचारत नाही. पंधरा मिनिटांची मुदत म्हणजे लोकांना दिलेली शेवटची सूचना आहे. त्या पंधरा मिनिटांत एक चक्कर मारा आणि डोळ्यांनी बघा.

टास्क शेड्युलरमधून ठरलेल्या वेळी रिस्टार्ट लावता येतो. टास्क सिस्टीम या खात्यावर चालवा, म्हणजे कोणी लॉगिन नसलं तरी होतो. सेटिंग्जमध्ये 'वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' असा एक चौकोन असतो, रिस्टार्टच्या टास्कमध्ये तो रिकामाच ठेवा. खूण केलीत आणि ठरल्या वेळी लाइन नसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू होते आणि थोड्या वेळात लोकांच्या तोंडावर बंद पडते.

क्रम असा ठेवा: ज्या मशीनवर हिशेबाचा डेटा आहे ती मुख्य, बाकीच्या तिच्यावर जोडलेल्या. आधी बाकीच्यांवरचं सॉफ्टवेअर बंद, डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, मग मुख्य मशीन रिस्टार्ट. ती वर आल्यावर लॉगिन करून पाच मिनिटं थांबा, डेटाबेसची सेवा सुरू झाली का ते बघा. सेवा लॉगिनशिवाय सुरू होतात, पण स्टार्टअपमध्ये ठेवलेले प्रोग्रॅम लॉगिन झाल्यावरच. नंतर बाकीच्या मशीन एकेक करून. सगळ्या एकदम सुरू केल्या तर मुख्य मशीन तयार नसतानाच त्या तिला शोधतात आणि नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली येते. राउटर आणि स्विच त्याच वेळी बंद-चालू करू नका. पत्ते बदलले तर प्रिंटर हरवतो आणि दोष कशाचा ते कळत नाही.

दुरून काम करत असाल तर रिमोटचं सॉफ्टवेअर सेवा म्हणून बसवलेलं आणि बिनमाणसाच्या प्रवेशाचा पासवर्ड लावलेला हवा. नुसतं उघडून वापरलं जात असेल तर रिस्टार्टबरोबर तुमचा हात सुटतो. तरीही तिथल्या एका माणसाला फोनवर धरून ठेवा.

मुख्य कार्यालय इंट्यूनमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुरून मशीन सांभाळायच्या सेवेतून, मशीन चालवत असेल तर रिस्टार्टची सवलत तिथे ठरते. सवलतीच्या मुदतीचे मूळ आकडे १,४४० मिनिटांची मुदत, शेवटच्या १५ मिनिटांत उलटी मोजणी आणि २४० मिनिटांचं पुढे ढकलणं असे आहेत. चार दिवसांनी उघडणाऱ्या मशीनसाठी एक दिवसाची मुदत पुरत नाही, वाढवून मागा.

अडकलं तर

स्क्रीनवर गोल फिरतोय आणि आकडा हलत नाही, तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. हार्डडिस्कवर दोन तास थांबणं योग्य आहे. दिवा पूर्ण शांत, दोन तास उलटले, तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सुरू होण्यात लागोपाठ दोन-तीनदा अपयश आलं की विंडोज स्वतः दुरुस्तीच्या स्क्रीनवर जातं. तिथे अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, त्यातून शेवटचं महिन्याचं अपडेट काढा. 'रिसेट धिस पीसी'ला हात लावू नका.

मशीन अवेळी रिस्टार्ट झाली तर कोणी केलं ते इव्हेंट व्ह्यूअर सांगतो. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम उघडून १०७४ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात कोणत्या प्रोग्रॅमने, कोणत्या खात्यावरून आणि किती वाजता रिस्टार्ट मागितला ते लिहिलेलं असतं. ६००८ किंवा ४१ दिसला आणि १०७४ नसेल तर कोणी रिस्टार्ट केलेलाच नाही. लाइन गेली, यूपीएस बसला किंवा मशीन लटकली. पहिल्या प्रकारात तुमची कमांड तपासा, दुसऱ्यात यूपीएसची बॅटरी. एका वहीत मशीन, सॉफ्टवेअर, मिळालेला आकडा, रिस्टार्टची तारीख आणि वेळ एवढे रकाने आखा. ज्या ओळीत ३०१० आहे आणि रिस्टार्टचा रकाना रिकामा आहे, ती मशीन उद्या सकाळी पहिली घ्या.